सीलिअॅक आजारात वजन वाढूनही हाडे आणि स्नायू मागे का राहतात?

कोरेगाव तालुक्यातील एका ३६ वर्षांच्या भगिनींनी विचारले आहे: "सात-आठ वर्षे रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या घेत होते. दीड वर्षापूर्वी सीलिअॅक आजाराचे निदान झाले आणि तेव्हापासून गहू बंद केला. माझी उंची १५५ सेंटिमीटर आहे. वजन ४३ किलोवरून ५४ किलोवर आले, कमरेचा घेर ३३ इंच झाला, हातपाय मात्र बारीकच आहेत. जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, कंबर आणि बरगड्या दुखतात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्याचा टी-स्कोअर उणे २.६ आला. अहवालावर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ झाली आहेत, असा शेरा आहे आणि वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे इंजेक्शन सुचवले आहे. वजन एवढे वाढूनही हाडे ठिसूळ कशी? इंजेक्शन घ्यावे का? हाडे पुन्हा भरून येतील का?"

थेट उत्तर आधी देतो. इंजेक्शनची घाई करू नका. तुमची हाडे केवळ विरळ झाली आहेत की मऊही पडली आहेत, हे अजून ठरलेले नाही आणि ते ठरल्याशिवाय असे इंजेक्शन देणे धोक्याचे असते. हाडे बऱ्याच अंशी भरून येतात, परंतु त्यासाठी उपचारांचा क्रम सांभाळावा लागतो. आधी आतडे, त्यासोबत ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, मग स्नायू, आणि एवढे करूनही गरज उरली तर हाडांचे औषध. साताऱ्यात रुग्ण तपासताना हा क्रम उलटा झालेला मला वारंवार दिसतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सीलिअॅक आजारात गहू, जव आणि राय (हे गव्हासारखे धान्य आहे, मोहरी नव्हे) या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे अस्तरावरचे सूक्ष्म अंकुर त्यामुळे झिजत जातात आणि शेवटी अस्तर सपाट होते. ही झीज आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात सर्वाधिक असते. लोह तिथेच शोषले जाते आणि ड जीवनसत्त्वाच्या मदतीने कॅल्शियम ओढून घेण्याचे कामही मुख्यतः तिथेच चालते. तुमचे रक्त वर्षानुवर्षे गोळ्यांना दाद देत नव्हते आणि आज हाडे दुखत आहेत, या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत; मूळ एकच आहे. अन्नातील स्निग्धांश नीट शोषले गेले नाहीत की त्यांच्यासोबत शोषले जाणारे ड जीवनसत्त्वही वाया जाते. रक्तातील कॅल्शियम उतरू लागले की मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त संप्रेरक सोडतात आणि ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातील पातळी सावरते. म्हणूनच रक्ताच्या अहवालात कॅल्शियम अनेकदा ठीक दिसते आणि सगळ्यांचाच गैरसमज होतो.

एवढ्यावर भागत नाही. आतड्यातील सततच्या दाहामुळे रक्तात जी रसायने फिरत राहतात, ती हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. उपचार न झालेल्या स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे किंवा लवकर जाणे हेही आढळते आणि स्त्री-संप्रेरकांची उणीव हाडांना भोवते. शिवाय अस्तर झिजले की दुधातील साखर पचवणारे विकर कमी पडते, दूध प्यायल्यावर पोट फुगते आणि माणूस दूधच सोडून देतो. वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसते की सीलिअॅक असलेल्यांत अस्थिभंगाचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त असते आणि खुब्याच्या हाडाच्या बाबतीत हा फरक त्याहून बराच मोठा आहे. त्यामुळे तुमची काळजी रास्त आहे.

आता डेक्साच्या आकड्याकडे येऊ. टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडांच्या घनतेची तरुण, निरोगी व्यक्तींच्या घनतेशी केलेली तुलना. उणे २.५ किंवा त्याखाली आकडा गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचे, हा निकष पाळी गेलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीपुढचे पुरुष यांच्यासाठी आहे. पाळी चालू असलेल्या ३६ वर्षांच्या स्त्रीसाठी झेड-स्कोअर, म्हणजे तिच्याच वयाच्या स्त्रियांशी केलेली तुलना, पाहायचा असतो. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर ‘वयाच्या मानाने घनता कमी’ एवढेच लिहायचे आणि कारण शोधायचे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डेक्सा हाडाची खोली मोजत नाही, केवळ सपाट क्षेत्रफळावरची घनता मोजते. त्यामुळे लहान चणीच्या माणसाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा वाईट दिसतो. यंत्रातील तुलनेचे आकडे बहुधा पाश्चात्त्य लोकसंख्येचे असतात, त्याचाही परिणाम होतो. तुमची हाडे उत्तम आहेत असे मी म्हणत नाही. तो शेरा म्हणजे निदान नव्हे, एवढेच म्हणायचे आहे.

मला अधिक चिंता वाटते ती तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या वाक्याची, म्हणजे जमिनीवरून उठताना आधार लागण्याची आणि बरगड्या दुखण्याची. केवळ विरळ झालेले हाड मोडेपर्यंत सहसा दुखत नाही. हाडे दुखणे, बरगडीवर किंवा नडगीवर दाबले की कळ येणे, मांड्यांतील जोर जाणे आणि चाल डुलती होणे ही लक्षणे हाडे मऊ पडल्याची, म्हणजे ऑस्टिओमलेशियाची असू शकतात. स्लॅबची सळई बांधून झाली पण काँक्रीट पुरेसे ओतलेच नाही, तसे या हाडांचे होते: सांगाडा उभा असतो, त्यात खनिज भरलेले नसते. डेक्साला हा फरक कळत नाही, दोन्हींत आकडा सारखाच खाली येतो. म्हणून रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्वाची २५-हायड्रॉक्सी पातळी, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि क्रिएटिनिन एवढ्या तपासण्या एकत्र करून घ्या, आणि मणक्याचा बाजूने एक्स-रे काढा. अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड वाढलेले, फॉस्फरस कमी आणि ड जीवनसत्त्व तळाला गेलेले असे चित्र आले तर निदान जवळजवळ पक्के होते. समाधानाची बाब अशी की हा आजार ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमने भरून निघतो आणि त्यात घनतेचा आकडा कधीकधी कोणत्याही महागड्या औषधाने वाढणार नाही इतका वाढतो.

इंजेक्शन थांबवा असे का म्हणतो, तेही इथेच स्पष्ट होईल. झोलेड्रोनिक आम्लाचे हे इंजेक्शन हाडांतून कॅल्शियम बाहेर पडण्याची वाट बंद करते. ड जीवनसत्त्व कमी असताना तुमचे रक्तातील कॅल्शियम त्याच वाटेवर टिकून असते. वाट अचानक बंद झाली तर कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तोंडाभोवती मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात, प्रसंगी झटकेही येतात. शिवाय हे औषध हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते, म्हणून पुढे मूल हवे असणाऱ्या स्त्रीला ते देताना फार विचार करावा लागतो. एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसला किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची उणीव आधी भरून काढायची आणि मगच निर्णय घ्यायचा.

ड जीवनसत्त्वासाठी आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देण्याची पद्धत आहे. झिजलेल्या आतड्यातून ते पुरेसे शोषले जाईलच असे नाही, म्हणून तीन महिन्यांनी पातळी पुन्हा तपासावी आणि त्यावर पुढचा डोस डॉक्टरांनी ठरवावा. पुडी चुकूनही रोज घेऊ नका. एकदाच सहा लाख युनिटचे इंजेक्शन टोचून मोकळे होण्याचा मोहही टाळा. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढले, असा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. ‘मी तर दिवसभर उन्हात असते’ असे आपल्याकडे अनेकजणी म्हणतात. परंतु साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्या-तोंडाला स्कार्फ बांधून भांगलण करणाऱ्या बाईच्या त्वचेला ऊन लागते तरी किती, हे पाहिले पाहिजे.

कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेऊ नये, कारण त्यापुढचे फारसे शोषले जात नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. दोघींत किमान दोन तासांचे अंतर हवे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यानंतर चार तासांनी कॅल्शियम घ्यावे.

आता वजनाचा प्रश्न. आतडे सुधारू लागले की पूर्वी वाया जाणारे अन्न अंगी लागू लागते, पण खाण्याची सवय मात्र जुनीच, भुकेच्या काळातली राहते. ग्लुटेन सोडल्यानंतर वाढणाऱ्या वजनात चरबीचा वाटा स्नायूंपेक्षा मोठा असतो, हे अनेक ठिकाणी मोजून पाहिलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ज्या बारीक पण आतून चरबीयुक्त शरीराकडे जगाचे लक्ष वेधले, ती आपली मूळची ठेवण त्यात भर घालते. तुमचा बॉडी मास इंडेक्स आज सुमारे २२.५ आहे, म्हणजे कागदावर सारे ठीक. परंतु ३३ इंच म्हणजे ८४ सेंटिमीटर. भारतीय स्त्रीसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर मानतात. त्यामुळे वजनकाट्याने दिलेल्या शाबासकीवर विसंबू नका. जिममधल्या काट्यावर उमटणारे चरबीचे टक्केही शरीरातील पाण्याप्रमाणे बदलतात. त्यापेक्षा घरच्या घरी एक चाचणी करा. भिंतीला टेकवलेल्या साध्या खुर्चीवर बसा, दोन्ही हात छातीशी घडी घालून घ्या आणि हात न सोडता पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा. यासाठी १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार स्नायूंची कार्यक्षमता कमी आहे. वेळ वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा पाहा. काट्यापेक्षा ही वही अधिक खरे बोलते.

गहू सोडल्यावर ताटात काय आले, हेही पाहिले पाहिजे. पुष्कळ घरांत पोळीची जागा साबुदाणा, पोहे, भात, बटाटा आणि पाकिटातील ग्लुटेनमुक्त बिस्किटे घेतात. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळपास काही नसते आणि त्या बिस्किटांत स्टार्च, साखर आणि तेल भरपूर, तर प्रथिने व तंतू अल्प असतात. पोट सुटते आणि दंड-मांड्या तशाच राहतात, त्याचे मोठे कारण हे आहे. भाकरी हे आपल्या जिल्ह्याचे रोजचे अन्न आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. दिल्ली-पंजाबकडच्या रुग्णाला जी तडजोड करावी लागते, ती तुम्हाला करावी लागत नाही.

मात्र भाकरीचे पीठ कुठे दळले जाते, हा प्रश्न मी प्रत्येक रुग्णाला विचारतो. गिरणीत तुमच्या आधी कुणाचे तरी गव्हाचे दळण झालेले असते. दगडांच्या खाचांत, पीठ खाली आणणाऱ्या कापडी नळीत आणि कडेच्या फटींत ते पीठ शिल्लक राहते, आणि तुमची ज्वारी दळताना पहिल्या काही मुठींत ते उतरते. ग्लुटेनमुक्त म्हणवण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन ही मर्यादा आहे. पाच किलोच्या दळणात ती ओलांडायला एक-सव्वा ग्रॅम गव्हाचे पीठ पुरते, म्हणजे अर्ध्या चमच्याहून कमी. इटलीतील २००७ च्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तराची झीज दिसली होती. तेव्हा शक्य असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीही घालू नका. ऐपत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घेतली तरी चालेल. पिठाची चाळणी, परात, पोळपाट-लाटणे आणि पोळ्यांचे कापड स्वतःसाठी वेगळे ठेवा. चाळणीच्या जाळीत अडकलेले पीठ धुऊनही पूर्ण जात नाही.

फोडणीतल्या हिंगाचे तेच. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, बहुतेकांत गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचे पीठ, कुरडया, शेवया, उडदाच्या पापडातील हिंग, प्रसादाचा शिरा या सगळ्यांतून ग्लुटेन पोटात जाते. कृष्णाकाठी पिकणारा खपली गहू पचायला हलका आणि पौष्टिक म्हणून लोक आग्रहाने देतात. तो इतरांना लाभदायक असेल. परंतु खपली हाही गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि तुमच्यासाठी तो तेवढाच अपायकारक आहे. पाहुण्यारावळ्यांना हे एकदा ठामपणे सांगून टाका.

पथ्य खरेच पाळले जात आहे का, हे कळण्यासाठी टीटीजी प्रतिपिंडांची, म्हणजे सीलिअॅकमध्ये रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, तपासणी पुन्हा करा. निदानाच्या वेळचा आकडा सोबत ठेवा. दीड वर्षानंतरही तो चढाच असेल तर कुठूनतरी ग्लुटेन जात आहे असे समजून प्रशिक्षित आहारतज्ज्ञांसोबत घरातला एकेक डबा तपासावा. आकडा सामान्य आला तरी आतडे पूर्ण बरे झालेच, असे प्रौढांच्या बाबतीत म्हणता येत नाही. मेयो क्लिनिकच्या २०१० च्या अभ्यासात प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे अस्तर दोन वर्षांनी आणि सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे पाच वर्षांनी भरून आलेले आढळले. हाडांना वेळ लागतो तो यामुळेच, आणि वाट पाहावी लागते म्हणून खचून जाण्याचे कारण नाही.

दिवसाला किमान १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात गेले पाहिजे. दोन पेले दूध, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर, घेतले तर त्यातून साधारण ४८० मिलिग्रॅम मिळते. एक मोठी वाटी दही सुमारे १८० ते २०० मिलिग्रॅम देते. ५० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी १७० ते १८० मिलिग्रॅम देते. चटणीत दोन चमचे तीळ घातले तर आणखी शंभरेक मिलिग्रॅमची भर पडते. दूध सोसत नसेल तर सध्या दही, ताक आणि पनीरवर भर द्या, आतडे सुधारले की बहुतेकांना दूध पुन्हा पचू लागते. नाचणीतील काही घटक कॅल्शियमला धरून ठेवतात, म्हणून तिला मोड आणून, वाळवून दळलेले पीठ अधिक चांगले. जावळी-पाटणच्या डोंगरी भागातील घरांत ही रीत जुनीच आहे. पालकातील कॅल्शियमवर मात्र भिस्त ठेवू नका, ते फारसे अंगी लागत नाही.

स्नायूंसाठी वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने धरली तर तुम्हाला दिवसाला ५४ ते ६५ ग्रॅम लागतील, अर्थात मूत्रपिंडे ठीक असतील तर. दोन भाकऱ्यांतून सुमारे १० ग्रॅम मिळतात, वरच्या दोन पेले दुधातून १३, घट्ट उसळीच्या वाटीतून सात-आठ, एका अंड्यातून सहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात. पातळ आमटी प्यायल्याने हा हिशेब जमत नाही. मटकी, हुलगा, आपल्या कोरेगावचा घेवडा यांची उसळ दोन्ही जेवणांत घ्या आणि मांसाहार चालत असेल तर अंडी-मासे वाढवा.

व्यायाम लगेच जोरात सुरू करू नका. हाडे मऊ असतील तर सुरुवातीचे दोन-तीन महिने दुखणे कमी होईपर्यंत सपाटीवर चालणे पुरे. त्यानंतर खुर्चीवरून उठबस, जिना चढणे, भिंतीला हात लावून दंड, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन उचलणे अशा क्रमाने वाढवावे. हाड आणि स्नायू भार पडल्याशिवाय वाढत नाहीत आणि तो भार हळूहळू वाढत गेला पाहिजे. शेतातले काम कष्टाचे असले तरी त्यात रोज तेच स्नायू, त्याच बेताने आणि बहुधा वाकून वापरले जातात, म्हणून ते व्यायामाची जागा घेत नाही. मणका दबलेला असेल तर वाकून ओझे उचलणे आणि पाठीवर झोपून धड वर उचलण्याचे पोटाचे व्यायाम पूर्ण वर्ज्य. अजिंक्यताऱ्याची सकाळची चढण उत्तम आहे, पण ती मांड्यांत बळ आल्यानंतर, आणि उतरताना काठी घेऊन.

थायरॉइडची तपासणीही करून घ्या, कारण सीलिअॅकसोबत थायरॉइडचा विकार वरचेवर आढळतो. गोळी आधीच चालू असेल तर आतडे सुधारल्यावर ती जास्त शोषली जाऊ लागते, जुना डोस अधिक होतो आणि अधिक झालेला थायरॉइडचा डोस हाडे झिजवतो. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पथ्य काटेकोर झाले आणि ड जीवनसत्त्वाची पातळी सावरली की त्यानंतर वर्षाने डेक्सा पुन्हा करावी आणि ती त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करावी, नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. त्या वेळी झेड-स्कोअर आणि दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम ही प्रत्यक्ष घनता अहवालात लिहून मागा. घनता वाढलेली असेल तर इंजेक्शनचा विषय बाजूला पडतो. वाढलेली नसेल, तर मधल्या काळातील टीटीजी, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइडचे अहवाल समोर ठेवून हाडांच्या औषधाचा निर्णय घेता येईल. मधल्या काळात कंबरेत अचानक तीव्र कळ आली, उंची कमी झाल्यासारखी वाटली किंवा तोंडाभोवती मुंग्या येऊन हातांत पेटके आले, तर वर्षभर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. तुमची मुले, भावंडे आणि आईवडील यांची टीटीजी तपासणीही एकदा करून घ्या, आणि ती होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका, कारण गहू सोडल्यावर ती तपासणी फसवी येते.